चंद्राबाईंच्या नावचं रक्त

माणसाचा चेहरा बघायची मला सवय नाही. समोरच्यानं बाही वर केली की माझं लक्ष कोपराच्या आतल्या खळीकडे जातं. शीर दिसते का, सापडेल का, सुई बघून आत पळेल का, एवढंच मी बघतो. मी बादशहा मुल्ला, सांगलीचा. एकतीस वर्षं झाली लोकांचं रक्त काढतोय. एवढ्या वर्षांत मला फसवणाऱ्या शिरा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मला फसवणारी बाई मात्र एकच भेटली आणि तिनं मला आठ महिने फसवलं. तिचं नाव चंद्राबाई. हे तिच्या परवानगीनं सांगतोय. तिनं बजावलंय की सांगायचं तर सगळं सांगा, माझं तेवढं झाकून ठेवू नका.

आमच्या संस्थेत एक नवा अभ्यास सुरू झाला होता. त्याच्या प्रमुख डॉक्टर प्रियदर्शनी. मूळच्या फलटणच्या, साखर कारखान्यातल्या केमिस्टची मुलगी, बोलायला मऊ आणि कामाला कडक. त्यांनी मला पहिल्या दिवशी समजावलं ते असं. मेंदू दिवसभर राबतो, त्याचा कचरा साठतो. आपण झोपलो की मेंदूभोवतीचं पाणी रक्तवाहिन्यांच्या कडेकडेनं आत शिरतं आणि तो कचरा धुऊन बाहेर नेतं. त्या वाटेवरच्या पेशींना पाणी जाण्यायेण्याची अगदी बारीक दारं असतात. ती दारं कशी घडवायची हे जनुकांत लिहिलेलं असतं. कुणाची वाट मोकळी असते, कुणाची तुंबते. यात आईबापांकडून आलेल्या जनुकांचा वाटा किती, आणि म्हातारपणी माणूस विसरायला लागतो त्याच्याशी याचा संबंध किती, हे शोधायचं होतं.

"म्हणजे अजून नक्की माहीत नाही?" मी विचारलं.

"माहीत असतं तर तुम्हाला कशाला दमवलं असतं, बादशहाभाई?"

मला हे उत्तर आवडलं. डॉक्टर लोक सहसा माहीत नाही असं म्हणत नाहीत.

अभ्यासाला अशी घरं हवी होती जिथं दोनतीन माणसांना म्हातारपणी विसर पडला आहे. असं एक घर औंधच्या पलीकडे, मोरजाईवाडीत सापडलं. त्या घरातल्या बनाबाई पासष्टीत सगळं विसरल्या आणि त्यातच गेल्या. त्यांची थोरली लेक साठीतच त्याच वाटेनं गेली. मागे राहिलेल्यांत मधली लेक चंद्राबाई, वय एकसष्ट, धाकटा मुलगा सिद्धू, आणि मग त्यांची मुलंबाळं, चुलते, चुलतभावंडं. सगळे मिळून चौदा. चंद्राबाईंचं माहेर वरच्या आळीत आणि सासर खालच्या आळीत, त्यामुळे आम्हाला गावोगाव हिंडायची गरज नव्हती. एकाच गावात अख्खं खानदान सापडलं म्हणून डॉक्टरबाई खूश होत्या. मीही होतो, कारण जीपचा प्रवास मला सोसत नाही.

आम्ही गेलो तो गणपती उठल्यानंतरचा आठवडा होता. बटाटा काढणी ऐन भरात होती. शाळेच्या व्हरांड्यात आम्ही टेबल मांडलं, तर तिथं एक बाई आधीच पाय पसरून बसलेली. ठेंगणी, रुंद, कपाळावर गोंदण, आवाज असा की पलीकडच्या वर्गातली पोरं आपोआप गप्प बसावीत. मी सुयांचं खोकं उघडलं तशी ती म्हणाली, "आला का डास? कुनाला चावनार पयलं?"

"तुम्ही कोण?" मी विचारलं. मला सकाळी सकाळी थट्टा सोसत नाही.

"मी शालूबाई. चंद्राबाईची शेजारीन. तुमी बसा आपलं चावत, मी मानसं धाडती."

ही चंद्राबाई होती. मला ते माहीत नव्हतं. मी तिला पुढचे आठ महिने शालूमावशी म्हणत राहिलो.

तिच्याकडे माणसं धाडायचं काम का होतं, हे मला तिथंच कळलं. त्या भागात बायकांचा पैरा चालतो. आज तुम्ही माझ्या रानात भांगलायला, म्हणजे तण काढायला या, परवा मी तुमच्या रानात येते. पैशाचा प्रश्न नाही, दिवसाला दिवस. आणि घरातली कोणतीही बाई आली तरी चालते. सुनेच्या बदली सासू आली, सासूच्या बदली लेक आली, कुणीच नसेल तर शेजारीण आली, तरी त्या घराचा दिवस भरला. कुणाचा दिवस कुणाकडे राहिलाय हे चाळीस घरांचं ही बाई डोक्यात ठेवायची. नवरा केरबा फौजेत, वर्षातून दोन महिने घरी. तेविसाव्या वर्षापासून एकटीनं रान सांभाळताना तिनं हे काम अंगावर घेतलं आणि मग ते तिचंच झालं. केरबा निवृत्त होऊन आला तेव्हा त्यानं फौजी शिस्तीत एक वही आखली, रकाने पाडले, लाल शाईनं. तिनं ती वही चुलीत घातली.

"वहीत लिवलं की भांडान लागतं," हे तिनंच मला सांगितलं. "माज्या डोस्क्यात हाय तवर कुनी भांडत न्हाई. डोस्कं उघडून कुनाला बघता येत न्हाई न्हवं?"

केरबा जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि त्याच्यानंतर वहीचं नाव कुणी काढलं नाही.

डॉक्टरबाईंनी शाळेच्या वर्गात सगळ्यांना बसवून मेंदूचं चित्र फळ्यावर काढलं. कचरा, पाणी, दारं, झोप, सगळं सोपं करून सांगितलं. लोक अदबीनं ऐकत होते, म्हणजे कुणाला काही कळत नव्हतं. तेवढ्यात पहिल्या बाकावरून आवाज आला.

"आवं डाक्तरीनबाई, म्हंजी डोस्क्यातबी भांगलन लागती म्हना की."

"अगदी बरोबर," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आन् ती झोपंतच व्हती?"

"बरीचशी झोपेत होते."

"मग झालंच की! आमच्या मोटारींला लाईट रातची. निम्मं गाव रातभर रानात पानी पाजत उबं. ह्येंच्या डोस्क्याची भांगलन कवा व्हायाची? मला वाटायचं ही मानसं जल्माचीच मठ्ठ हाईत."

वर्ग हसला. डॉक्टरबाई हसल्या नाहीत, त्यांनी वही काढून ते लिहून घेतलं, आणि पुढे अभ्यासाच्या प्रश्नावलीत रात्रीच्या पाण्याचा एक प्रश्न कायमचा आला. तो प्रश्न चंद्राबाईचा आहे. कागदावर तिचं नाव नाही, म्हणून इथं सांगून ठेवतो.

दोन दिवसांत मी आठ जणांचं रक्त घेतलं. उरलेले रानात होते किंवा म्हातारे होते, त्यांच्या घरी थुंकीच्या नळ्या दिल्या. नळीत थुंकायचं, झाकण लावायचं, परत द्यायचं. त्यातूनही तेच कळतं. अट एकच, आधी अर्धा तास तोंडात काही घालायचं नाही. 'चंद्राबाई' दुसऱ्या दिवशी आल्या. वाळक्या, पदर नाकापर्यंत, तोंडातून शब्द नाही. मी आधार कार्ड बघितलं. कार्डावरच्या फोटोत काळ्या डागाला दोन डोळे होते. स्वतःच्या कार्डावरचा फोटो मला स्वतःला ओळखता येत नाही, तर मी काय बोलणार? शीर बारीक होती, पण पहिल्याच टोचणीत सापडली. मग डॉक्टरबाईंनी त्यांची स्मरणशक्तीची चाचणी घेतली. पाच शब्द सांगायचे, दहा मिनिटं दुसरं काहीतरी करायचं, आणि मग ते पाच विचारायचे. बाईंनी पाचही सांगितले, तेही पदराआडून.

पुढच्या आठवड्यात जीपनं सगळ्यांना एमआरआयसाठी सांगलीला आणलं. 'शालूमावशी' सोबत म्हणून आल्या. आदल्या रात्री पाण्याच्या पाळीमुळे कोण किती झोपलं याची चौकशी त्यांनीच केली, ड्रायव्हरशी रस्त्यावरून त्या भांडल्या, आमच्या कँटीनच्या चहाला त्यांनी नावं ठेवली. मशीनच्या त्या ठोकाठोकीत भली भली माणसं घाबरतात. आमच्या वाळक्या 'चंद्राबाई' मात्र आत गेल्या आणि चक्क घोरायला लागल्या. बाहेर आल्यावर पहिल्यांदा तोंड उघडलं.

"लय गार हाय आत. आजून थोडं ठिवलं तर चालंल का?"

निकाल उत्तम होता. पाण्याची वाट मोकळी, शब्द पाचला पाच. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बघा, आई आणि बहीण दोघी गेल्या, आणि ही बाई टवटवीत. हिच्या जनुकांत काहीतरी राखण करणारं असणार." त्यांचे डोळे चमकत होते, आणि दाराशी बसलेल्या 'शालूमावशी' सगळं ऐकत होत्या. अशी एक बाई सापडली की संशोधकाचं आयुष्य बदलतं म्हणतात.

आठ महिन्यांनी जनुकांचे अहवाल आले. त्यात आधी एक साधी तपासणी असते, नमुने एकमेकांशी नात्यानं जुळतात का ती. मुलात निम्मं आईचं असायलाच हवं. डॉक्टरबाईंनी मला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"बादशहाभाई, चंद्राबाई जयराजची आई नाही."

जयराज म्हणजे चंद्राबाईंचा मुलगा, फौजेत हवालदार, सुट्टीवर आला तेव्हा नळीत थुंकून गेलेला.

"दत्तक असेल," मी म्हणालो.

"त्या बनाबाईंच्या घरातल्याच नाहीत. कुणाशीच जुळत नाहीत. चुलत्यातले दोघे भाऊ एकमेकांचे भाऊ नाहीत. एक पुतण्या कुणाचाच नाही."

"बाप रे."

"आणि सिद्धूमामा," त्या थांबल्या, "बाई आहेत."

मी पाणी प्यायलो. सिद्धूमामांना मी बघितलं होतं. त्यांच्या मिशीला दोन्ही बाजूंनी पीळ होता.

नमुन्यांची अदलाबदल झाली म्हणावं तर दोष माझ्यावर आला असता, आणि मी प्रत्येक नळीवर दोनदा नाव घालतो. म्हणून मी ते लगेच फेटाळलं. मग राहिलं काय? मोरजाईवाडीतल्या चौदा माणसांच्या घरात पिढ्यान् पिढ्या काहीतरी भानगड चालली असली पाहिजे. नातं जुळत नसल्याचं घरच्यांना सांगायचं नसतं, असा अभ्यासाचा नियम आहे. पण चूक असेल तर शोधलीही पाहिजे. डॉक्टरबाई चार रात्री झोपल्या नाहीत आणि मी त्यांना म्हणालो की तुमचीच भांगलण तुंबायची. त्यांना हसू आलं नाही.

आम्ही गेलो. जीपमध्ये सांगलीपासून औंधपर्यंत त्या एकच वाक्य घोकत होत्या. "लहानपणीच्या परिस्थितीबद्दल काही वेगळं सांगण्यासारखं आहे का?" मी म्हणालो, असं विचारलंत तर त्या गरिबीच्या गोष्टी सांगत बसतील. मग त्यांनी दुसरं वाक्य तयार केलं, ते पहिल्यापेक्षा वाईट होतं. यमाईच्या डोंगराशी पोचेपर्यंत त्यांनी सात वाक्यं टाकून दिली होती. मला खरोखरच काळजी वाटत होती. फौजेतल्या माणसाला कुणी जाऊन सांगावं की तुझी आई तुझी आई नाही? तो आम्हाला त्याच जीपला बांधून परत पाठवील.

चंद्राबाईंच्या अंगणात पंधरा बायका कुरडया घालत होत्या. चैत्र सरत आला होता आणि हाही पैराच होता. आज हिच्या कुरडया, उद्या तिच्या. मधोमध माझ्या 'शालूमावशी' खाटेवर बसून हुकूम सोडत होत्या आणि आमच्या वाळक्या 'चंद्राबाई' सोऱ्या दाबत होत्या. एवढ्या बायकांत खासगी बोलायची सोय नव्हती. मी आपला हळूच सोऱ्यावाल्या बाईंच्या जवळ गेलो.

"चंद्राबाई, जरा आत चला. डॉक्टरबाईंना तुमच्याशी बोलायचंय."

पंधराच्या पंधरा बायका थांबल्या. सोऱ्यातून निघालेली कुरडई अर्धी लोंबकळत राहिली. मग एकीला हसू फुटलं, तिचं बघून दुसरीला, आणि मग सगळं अंगण हसायला लागलं. वाळकी बाई पदर तोंडात कोंबून हसत होती.

"आवं, ही शालू," कुणीतरी म्हणालं. "चंद्राकाकी त्या काय, खाटंवर!"

मी खाटेकडे बघितलं. खाटेवरची बाई आभाळाकडे बघत होती.

पुढचा अर्धा तास डॉक्टरबाई खाली बसून लिहून घेत होत्या आणि बायका आनंदानं कबुल्या देत होत्या. बटाट्याचा आठवडा होता. ज्याच्या रानात काढणी, त्याला कसं येता येणार? मग त्याच्या बदली पैऱ्यातलं माणूस आलं. चुलत्याच्या जागी त्याचा मेहुणा आला. पुतण्याच्या जागी त्याचा मित्र, सहाव्या मैलावरच्या गावचा. एवढ्या लांबून आला म्हणून त्याला जेवूनही घातलं होतं.

"आणि सिद्धूमामा?" डॉक्टरबाईंनी धीर करून विचारलं.

"त्येंचं काय," सिद्धूच्या बायकोनं सांगितलं, "अर्दा तास तंबाकूबिगर ऱ्हायला सांगितलं तुमी. त्ये काय ऱ्हात्यात व्हय? मग मीच थुकले. लगीन झालंय आमचं, काय परकी हाय का मी?"

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. पण त्यांचे खांदे हलत होते, त्या हसत होत्या. चौदा जणांचं घर पुन्हा एकमेकांचं झालं होतं. एकाच्याही घरात भानगड नव्हती. मला एवढं हलकं वाटलं की मी दोन ओल्या कुरडया मागून खाल्ल्या.

"तुमच्या बदली दुसऱ्याचं रक्त चालत नाही हो," त्या सगळ्यांना समजावत होत्या. "भांगलायला कुणीही चालेल. हे ज्याचं त्यालाच द्यावं लागतं."

"आदी सांगायचं मग," खाटेवरून आवाज आला.

"कागदावर लिहिलं होतं."

"अकरा पानं हुती ती. आमी अंगठा दिला, वाचाया कोन बसलंय?"

सगळं मिटल्यासारखं झालं. पण माझं डोकं एका ठिकाणी अडकलं. मी रक्त काढणारा माणूस, हिशेबानं चालतो. बाकीचे रानात होते म्हणून बदली माणूस आला. चंद्राबाईच्या रानात त्या आठवड्यात बटाटा नव्हताच, तो आधीच निघाला होता. ती दोन्ही दिवस माझ्यासमोर, माझ्या टेबलापासून पाच पावलांवर बसून होती. मला डास म्हणत होती, माझ्यासाठी माणसं धाडत होती. हात पुढे करायला तिला एवढंच अंतर होतं. वर तिनं मला नावही खोटं सांगितलं.

मी ते तिला सगळ्यांसमोर विचारलं असतं, माझा राग तसा होता. पण तिनं माझ्याकडे बघितलं आणि उठून आत गेली. डॉक्टरबाई आणि मी मागोमाग गेलो. शालूबाई दारात उभी राहिली.

आत चंद्राबाई जमिनीवर बसली. पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक होता.

"माजी आय लय चांगली भांगलायची," ती म्हणाली. "एक काडी मागं ऱ्हात नव्हती. एका साली मी तिच्या संगट भुईमुगात हुते. सरी सपल्यावर मागं वळून बगितलं, तर तिनं भुईमूग सगळा उपटून टाकला हुता आन् हराळी तेवडी ठिवली हुती. व्यवस्थित, एका रांगंत. मला म्हनली, बग, कसं सोच्छ झालं. मग दोन वर्सांनी मला इचारलं, तू कुनाची गं पोरी? आन् च्या दिला. पावन्याला देत्यात तसा, बशीत दोन बिस्किटं घालून."

डॉक्टरबाईंनी वही मिटून बाजूला ठेवली.

"तुमी यायच्या आदी, आखाडात, मी एकीच्या रानात आट बाया धाडल्या, तितं चारच धाडायच्या हुत्या. बायांना वाटलं मी थट्टा केली. हसल्या समद्या. मीबी हसले." ती डॉक्टरबाईंकडे बघत होती. "मला कळाया नगं हुतं, बाई. म्हून शालूला धाडली. तिचं चांगलं निगालं म्हनल्यावर मी आट महिनं लय खुशीत काडलं. तुमच्या कागदावर चंद्राबाई टवटवीत हुती. मीबी ते खरं धरून चालले हुते."

मला आठवली ती सांगलीतल्या कँटीनमध्ये चहाला नावं ठेवत बसलेली बाई. दुसऱ्याचा निकाल आपला मानून ती घरी गेली होती. माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. मला रडू येत होतं आणि मी ते खोकण्यात घालवलं.

डॉक्टरबाईंनी तिचा हात हातात घेतला. "मावशी, जनुकांचा निकाल तुम्हाला कुणी सांगणारच नव्हतं. हा अभ्यास आहे, एकट्यादुकट्याचं भविष्य आम्ही सांगत नाही. आम्हाला येतही नाही. एखादं जनुक असलं म्हणून विसर पडेलच असं नसतं, आणि नसलं म्हणून पडणारच नाही असंही नसतं."

चंद्राबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग दाराकडे वळून ओरडली, "शालू, तुला फुकटच टोचलं की गं!"

"आसूंदे," शालूबाई म्हणाली. "झोप लय झ्याक लागली."

मग चंद्राबाईनं डॉक्टरबाईंना विचारलं, "माजं न्हाई घेतलं तर तुमचं अडतंय का?"

"अडतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बनाबाई गेल्या, थोरल्या ताई गेल्या. बनाबाईंकडून पुढे जयराजकडे, त्याच्या पोरांकडे काय आलं, ते तुमच्यातूनच आलंय. मध्ये दुसरं कुणी नाही."

"बदली मानूस?"

"चालत नाही."

तिनं बाही वर केली. मी एकतीस वर्षांत पाहिलेल्या शिरांमध्ये ती एक नंबरची शीर होती, नाड्यासारखी ठळक, अंधारातही सापडली असती. दोन दिवस ती माझ्यापासून पाच पावलांवर होती.

रक्त काढायच्या आधी डॉक्टरबाईंनी पाच शब्द सांगितले, कारण चाचणीही आता तिचीच घ्यायची होती. कंदील, लिंबू, पायरी, चष्मा, शेळी. तिनं ते लगेच म्हणून दाखवले. मग मी सुई टोचली, नळ्या भरल्या, कापूस लावला. दहा मिनिटं झाली. डॉक्टरबाई दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. कागद माझ्या मांडीवर होता, उत्तरं मी लिहायची होती.

"सांगा मावशी."

"कंदील," ती म्हणाली. "लिंबू." मग थोडं थांबून, "शेळी."

मग काही नाही. ती भिंतीकडे बघू लागली. चाळीस घरांचे दिवस डोक्यात ठेवणारी बाई, आणि तिच्या ओठांवर काही येईना. डॉक्टरबाई म्हणाल्या घाई नाही, दोन विसरणं म्हणजे आजार नव्हे, तुमच्या वयाला पुष्कळांना होतं. त्या खरं तेच सांगत होत्या. पण चंद्राबाईला त्या वेळी ते ऐकू जात नव्हतं.

मी मान वर केली. दारात शालूबाई उभी होती. तिनं दोन्ही हातांच्या बोटांची गोल कडी करून डोळ्यांना लावली होती. चंद्राबाईचं तिकडे लक्ष गेलं.

"चष्मा," ती म्हणाली.

मग शालूबाईनं लुगडं वर धरून उंबऱ्यावर पाऊल ठेवलं, मागं घेतलं, पुन्हा ठेवलं. आठ महिन्यांपूर्वी हेच पाच शब्द तिलाही विचारले होते, आणि त्या न बोलणाऱ्या बाईनं ते एकही न गाळता लक्षात ठेवले होते.

"पायरी," चंद्राबाई म्हणाली.

"पाचला पाच!" डॉक्टरबाईंचा चेहरा फुलला. त्यांनी मागं बघितलंच नाही.

मी पेन हातात धरून बसलो होतो. मी सगळं बघितलं होतं आणि मी बघितलंय हे चंद्राबाईनं बघितलं होतं. खरं सांगतो, मी पाच लिहिणार होतो. एकतीस वर्षांत कागदावर खोटं लिहिलं नाही, पण त्या दिवशी मी लिहिणार होतो. मी पाचाचा आकडा सुरूही केला.

चंद्राबाईनं हात पुढे करून माझं मनगट धरलं.

"डास," ती म्हणाली, "खोडा ते. तीन माजे हाईत. दोन शालूचे."

मी खोडलं आणि तीन लिहिले.